भोंग्याचे वॅट विचारू नका, पाण्याचा नंबर विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे संपत आला की पेपरात पावसाळ्याआधी गाडीची काय काळजी घ्यायची ते छापून येतं. टायर बघा, ब्रेक बघा, चेनला तेल द्या, हेडलाईट तपासा. चांगलीच माहिती असते ती. पण आपल्या खान्देशात अशा कितीतरी मोटरसायकली आहेत ज्यांच्या हँडलला नाहीतर मागच्या कॅरिअरला भोंगा बांधलेला असतो आणि त्या भोंग्याच्या आवाजावर अख्खं घर चालतं, त्याच्याबद्दल कुठंच दोन ओळी वाचायला मिळत नाहीत, आणि पहिला पाऊस पडला की सगळ्यात आधी अडचणीत येतात ती हीच माणसं. म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझं शिरपूरला ॲम्प्लिफायर-स्पीकर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे भंगारवाले, लसूणवाले, मीठवाले, चादर-ब्लँकेटवाले, भाजीवाले, केसांवर भांडी देणारे, आणि आठवडे बाजाराला सुकट-बोंबील घेऊन जाणाऱ्या मावश्या ज्यांचा पोरगा गाडी चालवतो. यातले काही जण सकाळी निघतात ते बोराडी, पळासनेरकडचे पाडे करून अंधार पडता पडता परत येतात. एवढ्या गावांत तोंडाने ओरडून धंदा होत नाही. रेकॉर्डिंग लावलं की बाया आवाजावरूनच ओळखतात की अमुक भाऊ आला आणि दारात येतात. आवाज बंद पडला म्हणजे त्या दिवसाचा धंदा बंद, आणि लसूण एक दिवस थांबेल पण टमाटे थांबत नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे तरुण पोरं, बुलेटच्या साईड बॉक्सला नाहीतर क्रॅशगार्डला स्पीकर लावून फिरणारी. आणि कधीमधी मुंबई-आग्रा हायवेवरून जाणारी एखादी मोठी टूरिंग गाडी, जिच्यात कंपनीनेच स्पीकर बसवून दिलेले असतात. गाडी लाखांची असो की सेकंडहँड घेतलेली असो, पाण्याने स्पीकर खराब व्हायची कारणं सगळीकडे सारखीच आहेत, म्हणून हे पत्र सगळ्यांनाच उपयोगी पडेल असं वाटतं.

जुना गेला म्हणून नवा घ्यायला माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, कितला वॅटना शे?" खोक्यावर ५०० लिहिलं असेल तर ३०० वाला मागे पडतो. पाण्याचं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर बाजारात उत्तर तयार असतं, "वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त घेऊन जा." संपादक साहेब, माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींभोवती आहे. वॅटचा आकडा बघून गाडीचा स्पीकर घेऊ नये, आणि वॉटरप्रूफ या नुसत्या शब्दावर तर अजिबात घेऊ नये.

आधी वॅटचं सांगतो. खोक्यावर जो मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा पीएमपीओ असतो, त्याला मोजायची ठरलेली पद्धतच नाही, ज्याला जे वाटेल ते तो छापतो. बघायचा असेल तर आरएमएस वॅट बघा, म्हणजे स्पीकर न जळता सतत किती झेपवतो ते. पण आवाज किती मोठा येईल हे त्याच्यावरूनही कळत नाही. त्याच्यासाठी सेन्सिटिव्हिटी बघावी लागते, एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल येतात ते. साध्या कोनवाल्या, म्हणजे समोर शंकूसारखा पडदा असलेल्या, स्पीकरला हा आकडा साधारण ८५ ते ९० असतो, भोंग्याला १०५ च्या पुढे जातो. डेसिबल १० ने वाढले म्हणजे दहापट पॉवर आणि २० ने वाढले म्हणजे शंभरपट, असा तो हिशोब आहे. म्हणजे ८८ चा कोन स्पीकर १०० वॅटवर जेवढा वाजेल तेवढाच १०८ चा भोंगा एका वॅटवर वाजतो. खरंच एका वॅटवर! भोंग्यात खालचा बेस येत नाही, गाणं पत्र्यावर वाजवल्यासारखं लागतं, पण माणसाचं बोलणं लांबून स्पष्ट कळतं आणि फेरीवाल्याला तेवढंच पाहिजे असतं. मग शेकडो वॅटचा ॲम्प कशाला? १०० सीसीच्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट तीन-चार एएचची असते, म्हणजे तीन-चार अँपिअर साधारण तासभर पुरवणारी, ३० वॅटचा ॲम्प फुल जोरात चालला तर तीन-चार अँपिअर ओढतो, इंजिन बंद करून चौकात उभं राहिलं की तासाभरात गाडीचं सेल्फ बोंबलतं. वेगळी ७ एएचची बॅटरी ठेवतात लोक, ते बरोबर आहे, पण ॲम्प बेताचा घेतला तर तीच बॅटरी दिवस काढते आणि वाचलेले पैसे चांगल्या स्पीकरमध्ये घालता येतात.

आता पाण्याचं. भोंगा बसला म्हणून घेऊन येतात तेव्हा मी मागचं युनिट, म्हणजे आवाज तयार करणारा भाग, खोलतो, आणि ते खोलून गिऱ्हाईकाला दाखवतोच, कारण बघितल्याशिवाय पटत नाही. डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा, उचलला की खाली लोहचुंबकाच्या मधोमध एक गोल फट असते, पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढी, त्या फटीत तांब्याच्या तारेची कॉईल वरखाली हलत असते. काळं चुंबक असतं ते फेराईटचं, त्याला गंज चढत नाही, पण त्याच्या वरखालच्या चकत्या आणि मधला खुंटा लोखंडाचा असतो. आत पाणी शिरलं की हे लोखंड गंजून फुगतं, तांबडी भुकटी फटीत साचते आणि कॉईल तिच्यावर घासायला लागते. आवाज आधी खरखरतो, मग बसतो, मग कॉईलच्या तारेवरचं वार्निश निघून जातं आणि काम संपतं. टर्मिनलला बघितलं तर हिरवा थर चढलेला असतो, बोट लावलं की तार तुटून हातात येते. हे एका पावसात होत नाही. पहिल्या पावसात ओल शिरते, वरून ऊन पडतं, परत पाऊस येतो, आणि पोळ्यापर्यंत युनिट जातं.

म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की खोक्यावर आयपी नंबर बघा. मोबाईलच्या जाहिरातीत आयपी६७, आयपी६८ असं लिहिलेलं सगळ्यांनी वाचलेलं असतं, तेच हे. आयईसी ६०५२९ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आपल्याकडेही ते आयएस/आयईसी ६०५२९ म्हणून घेतलेलं आहे. त्यात दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, ० ते ६ पर्यंत, दुसरा पाण्याचा, ० ते ९ पर्यंत. आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या गोष्टीचा दर्जा सांगितलेलाच नाही असं समजायचं. पाण्याच्या आकड्यात ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी पाणी उडालं तरी चालेल. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार अडीच-तीन मीटरवरून मारून बघितलेली असते. ६ ला नळी साडेबारा मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलेलं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची आहे, भले भले फसतात त्यात. ७ मोठा म्हणून ५ आणि ६ आपोआप पास झाला असं नसतं. संथ पाण्यात बुडवणं वेगळं आणि जोराची धार मारणं वेगळं, दोन्ही परीक्षा वेगळ्या आहेत, दोन्ही दिल्या असतील तर दोन्ही नंबर लिहिलेले असतात. मोटरसायकलवरचा स्पीकर कोणी तापीत बुडवायला जात नाही. त्याला मार बसतो तो धारेचाच, गाडी ५०-६० च्या स्पीडला असताना समोरून येणारा पाऊस, आणि हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडणारा चिखलाचा फवारा. उभ्या गाडीला ४ पुरतो, फिरत्या गाडीला दुसरा आकडा कमीत कमी ५ पाहिजे, ६ मिळाला तर उत्तम. आणि पहिला आकडा सोडून देऊ नका, पुण्या-मुंबईकडे एकवेळ चालेल पण आपल्याकडे नाही चालणार, कारण एप्रिल-मेच्या वावटळीत काळ्या मातीची जी धूळ उडते ती पिठासारखी बारीक असते, ती आत बसते आणि मग जूनमध्ये तिच्यावर पाणी पडून चिखल होतो. आयपी६५ नाहीतर आयपी६६ लिहिलेलं असेल तर डोळे झाकून घेतलं तरी चालेल, असं मी म्हणणार नाही, कारण अजून एक मेख आहे.

मेख अशी की नंबर कशाला दिलाय ते बघावं लागतं. बोटीसाठीचे म्हणून जे मरीन स्पीकर विकले जातात, त्यातल्या बऱ्याच स्पीकरना पाण्याचा नंबर फक्त समोरच्या बाजूने असतो, म्हणजे स्पीकर बोटीच्या फळीत घट्ट बसवलाय, मागची बाजू कोरडी आहे, असं धरून. तोच स्पीकर पोरं क्रॅशगार्डवर उघड्या क्लॅम्पला लावतात आणि मागून पाणी थेट चुंबकावर. स्पीकर चांगला, नंबर खरा, तरी पैसे पाण्यात. मागून बंद डबा असलेला पॉड घेतला नाहीतर फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या कव्हरच्या, आत घट्ट गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) लावून बसवला तरच त्या नंबरला अर्थ आहे. ॲम्पचंही तेच. स्पीकर आयपी६६ चा आणि ॲम्पच्या डोक्यावर पेनड्राईव्हचं आणि मेमरी कार्डचं भोक उघडं! माझ्याकडे पाण्याने गेलेला जो माल येतो त्यात या भोकातून पाणी शिरलेलं असतंच असतं. ॲम्प सीटखाली नाहीतर डिक्कीत ठेवा, बाहेरच ठेवायचा असेल तर भोकं जमिनीकडे तोंड करून असतील असा बांधा.

कोनवाला स्पीकर घेणाऱ्यांनी तो हातात घेऊन बघावा. कोन कागदाचा असेल तर घेऊ नका, कागद ओल पितो, मऊ पडतो, वाकतो. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा कोन पाहिजे. कोनच्या कडेला जी लवचिक पट्टी असते ती फोमची नको, रबराची पाहिजे, बोटाने हळूच दाबून बघा, स्पंजासारखी दबली तर फोम. मागची जाळी, ज्याला बास्केट म्हणतात, ती पत्र्याची रंगवलेली असेल तर जिथं रंग उडाला तिथून गंज सुरू, प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची चांगली. छोटं आणि वजनाला हलकं चुंबक असेल तर ते निओडायमियमचं असतं, ताकद फार, पण त्याच्यावरचा मुलामा एकदा फुटला की ओलीने ते भुगा होऊन जातं, आणि साध्या ग्रेडचं असेल तर ८० अंशांच्या पुढे तापल्यावर त्याची ताकदही कमी होते, म्हणून आपल्या भागात मी तरी फेराईटच सांगतो.

उन्हाचा विषय निघालाय तर तोही बोलूनच घेतो, कारण माझ्या मते आपल्याकडे स्पीकरचा जीव उन्हाळाच घेतो, पावसाळ्यात ते फक्त कळतं. जळगाव-भुसावळला ४५ अंश ही काही नवलाची बातमी नाही, धुळ्याला, शिरपूरलाही जवळपास तेच. त्यात गाडी दिवसभर उन्हात, भोंगा काळा नाहीतर करडा. फोमची पट्टी त्या उन्हात कडक होऊन तडकते, प्लॅस्टिकच्या भोंग्याला केसासारख्या चिरा पडतात, गॅस्केटचं रबर आक्रसतं, कडेचा गोंद सुटतो. बाहेरून सगळं छान दिसतं, आवाजही येत असतो. मग मृगाचा पहिला शिडकावा त्या चिरेतून आत जातो आणि माणूस म्हणतो, एका पावसात गेला. म्हणून प्लॅस्टिकचा भोंगा घेताना तो ऊन झेलणारा, म्हणजे यूव्ही लिहिलेला आहे का ते विचारा, आणि चार पैसे जास्त लागले तरी ॲल्युमिनियमचा भोंगा घ्या. तो वाकतो, ठोकून सरळ होतो, उन्हाने तडकत नाही.

भोंगा जुनाच ठेवून नुसतं युनिट बदलायचं असेल किंवा युनिट ठेवून नुसता डायफ्राम बदलायचा असेल तर तेही होतं आणि स्वस्तात होतं, उगाच अख्खा सेट टाकून देऊ नका. डायफ्राम नेताना जुना सोबत आणा, साईज आणि ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध) दोन्ही जुळले पाहिजेत. आणि नवा डायफ्राम टाकायच्या आधी फटीतला गंज काढलाच पाहिजे, जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी लावून ती फटीत फिरवायची, भुकटी चिकटून येते, स्वच्छ येईपर्यंत फिरवायची. फुंकर मारून काही होत नाही, लोखंडाची भुकटी चुंबक सोडत नाही. जो मेकॅनिक हे न करता नवा डायफ्राम टाकून देतो त्याचं काम महिनाभर टिकतं.

कोन स्पीकर बदलताना मापाची गडबड फार होते. साडेसहा इंची म्हणून दोन कंपन्यांचे घेतले तर भोकाचं माप, स्क्रूची जागा आणि मागची खोली तिन्ही वेगळी निघू शकतात, म्हणून जुना काढून मोजूनच बाजारात जावं. ओहम जुन्यावर लिहिलेलं पुसलं असेल तर मल्टीमीटर लावा, ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो, ८ चा सहा-सात दाखवतो, मीटरचा आकडा थोडा कमी येतो ते बरोबरच असतं. ४ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्पला २ ओहमचा लावला किंवा ४ चे दोन पॅरेललमध्ये जोडले, ते मिळून २ च होतात, तर ॲम्प तापून जातो. लोक म्हणतात पाण्याने गेला, तो गेलेला असतो जोडणीने.

वायरिंगवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल, तरी थोडक्यात सांगतो. साधी काळी टेप ओलीत सुटते, जोडाला झाळ द्या आणि वरून हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी, नळी चढवा. वायर स्पीकरमध्ये वरून उतरती नको, आधी खाली एक वळसा घेऊन मग वर चढवून आत घ्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वळशाच्या टोकावरून खाली पडतं, आत जात नाही. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावतात ते ठीक आहे, पण तेच व्हॅसलीन रबरी पट्टीला आणि गॅस्केटला लावू नका, त्याने बरंचसं रबर फुगतं, तिथं सिलिकॉन ग्रीस पाहिजे. फ्यूज बॅटरीजवळ पाहिजेच पाहिजे. आणि मीठवाल्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे, मिठाच्या गोण्यांच्या वर ॲम्प बांधू नका, मिठाची बारीक पूड ओलीत मिसळली की तांबं आणि लोखंड दोन्ही खाते, तुमच्या गाड्यांचे युनिट मी खोलतो तेव्हा बाकीच्यांपेक्षा कितीतरी वाईट हालत असते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसलं तरी फरक पडेल.

पाऊस आला की भोंग्याला प्लॅस्टिकची थैली घट्ट बांधायची पद्धत आहे. चालत्या पावसात थोडा वेळ ठीक, पण रात्रभर बांधून ठेवली तर आतली गरम दमट हवा थंड होते आणि थैलीच्या आतूनच थेंब धरतात, म्हणजे बाहेरचं पाणी थांबवलं आणि आत तयार केलं. थैली बांधायचीच तर खालून मोकळी ठेवा. भोंग्याचं तोंड जरा जमिनीकडे झुकलेलं ठेवा, आभाळाकडे तोंड केलेल्या भोंग्यात पाणी साचून राहतं. भिजलाच तर ओला असताना चालू करून बघू नका, आधी युनिट काढून सावलीत, वाऱ्यावर नीट वाळू द्या. आणि गाडी वॉशिंगला दिली तर त्या पोराला सांगून ठेवा, बाबा रे स्पीकरवर जवळून गन मारू नको, ५-६ नंबरच्या परीक्षेत इतक्या जवळून असा प्रेशर नसतो.

आवाजाच्या कायद्याचंही एका दमात सांगून टाकतो, कारण भोंगा म्हटलं की लोक तेच आधी विचारतात. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते, राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या आजूबाजूला १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असतं तिथं तर भोंगा बंदच ठेवावा. वर सांगितलंय की भोंगा एका वॅटवरसुद्धा किती वाजतो, मग आवाज कमी ठेवून धंदा होतोच की. परीक्षेच्या दिवसांत शाळेसमोर भोंगा लावून उभं राहणं कोणालाच शोभत नाही.

आता मुख्य तक्रार, जिच्यासाठी पेपरला लिहावंसं वाटलं. माझ्याकडे एक लसूण विकणारा भाऊ आला, नवाकोरा सेट, खोक्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र, मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ, आणि आतल्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं की पाणी गेल्यास वॉरंटी लागू नाही. दुकानात गेला तर त्याला तेच कार्ड दाखवलं. बिल मागितलं नव्हतं, पुठ्ठ्यावर पेनाने किंमत लिहून दिली होती तेवढीच. तो माणूस दोन-तीन दिवसांची कमाई घालून ती वस्तू घेतो, परत तेवढी घालायची त्याची ऐपत नसते. मग तो माझ्यासमोर बसून विचारतो, भाऊ, आता काय करू. आणि अशी माणसं दर पावसाळ्यात येतात. हे बघवत नाही हो. शहरात स्पीकर गेला तर गाणं बंद होतं, इथं त्याच्या पोराच्या वह्या-पुस्तकांचे पैसे गेलेले असतात.

पॅकबंद मालावर काय छापायचं याचे २०११ चे नियम आहेत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं त्यात येतं. पण पाण्याचा दर्जा त्यात नाही. माझी मागणी एवढीच आहे की जो कोणी आपल्या मालावर वॉटरप्रूफ, वेदरप्रूफ, रेनप्रूफ असा कुठलाही शब्द छापेल त्याला त्याच शब्दाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात आयपी नंबर छापणं सक्तीचं करावं, आणि तो नंबर स्पीकरचा आहे की ॲम्पचा, पूर्ण वस्तूचा आहे की फक्त समोरच्या बाजूचा, हेही मराठीत लिहावं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी हा विषय दिल्लीत मांडावा, कापूस आणि केळी तर मांडायलाच पाहिजेत, पण हाही मांडावा, फेरीवाला पण शेतकऱ्याच्याच घरातला असतो.

सक्ती होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दुकानदार भावांना सांगणं आहे की तुम्ही मनावर घेतलं तर हे या पावसाळ्यापासूनच होऊ शकतं. गिऱ्हाईकाला बिल द्या आणि बिलावर मॉडेलच्या पुढे आयपी नंबर लिहा. नंबर नसेल तर "पाण्यात चालणार नाही" असं लिहा. एका ओळीचं काम आहे. खरं सांगून विकणाऱ्या दुकानात माणूस परत येतो, हे मी माझ्या दुकानात बघतोय. आणि घेणाऱ्यांनीही बिल मागायला लाजू नये, वॉरंटी कार्ड पैसे द्यायच्या आधी उघडून वाचावं, वाचता येत नसेल तर पोराला सोबत न्यावं. वॉटरप्रूफ सांगून विकलं आणि पावसाने गेलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी जाहिरात आणि सदोष माल दोन्हीची दाद मागता येते. १९१५ या नंबरवर फोन करता येतो, तिथं नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी. पण हातात बिल पाहिजे, आणि बिलावर तो नंबर लिहिलेला असेल तर बाजू अजून भक्कम होते.

आपल्या पेपरला विनंती आहे की पावसाळी पानावर टायर-ब्रेकच्या माहितीसोबत या आयपी नंबरचा एक छोटा तक्ता मृगाच्या आत छापावा, कापून भिंतीला लावता येईल असा. मी माझ्या दुकानात तो लावेन आणि बाजारातल्या बाकी दुकानांतही नेऊन देईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक स्पीकर मेकॅनिक,
शिरपूर, जि. धुळे